कॉर्बेटची काडतुसे

नरभक्षक वाघांचा कर्दनकाळ म्हणून जिम कॉर्बेटचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र शिकारीस निघताना तो काडतुसांचा किती बारकाईने विचार करी, हे फारसे सांगितले जात नाही. हा धडा त्याला महागात मिळाला होता. १९०७ मध्ये कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीमागे तो गेला तेव्हा त्याच्या .५०० बोअरच्या रायफलीसाठी अवघी तीन काडतुसे जवळ होती. ४३६ बळी घेणारी ती वाघीण जखमी होऊन समोर उभी ठाकली आणि रायफल रिकामी! तहसीलदाराची साधी बंदूक आणून त्याला शेवटचा बार टाकावा लागला.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. हिची गोळी जेमतेम १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमची. वाघासाठी ती अनेकांना क्षुल्लकच वाटली असती. परंतु गोळी वेगवान, धक्का सौम्य आणि रायफल हलकी. डोंगरात दिवसेंदिवस पायपीट करणाऱ्याला हे गुण मोलाचे होते. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागच्या बिबट्याला त्याने रात्रीच्या अंधारात याच रायफलीच्या एका गोळीने टिपले. पुढे १९३० मध्ये चौगढची वाघीण एका खडकाआड अवघ्या काही फुटांवर सामोरी आली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती! उजव्या हाताने रायफल इंचाइंचाने वळवून त्याने चाप ओढला. अवजड रायफल एका हाताने अशी फिरवणे अशक्यच होते.

असे असले तरी .२७५ वर त्याची अंधश्रद्धा नव्हती. तिच्यात दुसऱ्या बारासाठी खटका हाताने मागेपुढे करावा लागे. त्या क्षणार्धात जखमी वाघ अंगावर येऊ शकतो. त्यासाठी त्याच्यापाशी .४५०/४०० ची दुनळी होती. गोळी ४०० ग्रेनची, जवळपास तिप्पट जड, आणि दुसरा बार तत्काळ हाताशी. १९३८ मध्ये ठाकच्या वाघिणीवर, त्याच्या अखेरच्या नरभक्षकावर, त्याने तीच वापरली. तेव्हा त्याने वयाची साठी ओलांडली होती.

१९४७ मध्ये तो केनियात गेला आणि १९५५ मध्ये न्येरी येथे निधन पावला. ती .२७५ रायफल पुढे रिग्बी कंपनीकडेच परतली, आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी कुमाऊंतही येऊन गेली.