डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी लपवलेले दुखणे

आफ्रिकेचा अंतर्भाग पायी तुडवणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून भेटलेले असतात. ते स्वतः डॉक्टर होते आणि त्यांना मूळव्याधीने अनेक वर्षे छळले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

१९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी ते सूतगिरणीत कामाला लागले. पुढे कष्टाने वैद्यकीय शिक्षण पुरे करून १८४१ मध्ये मिशनरी म्हणून ते आफ्रिकेत पोचले. १८५५ मध्ये झांबेझी नदीवरच्या धबधब्याला त्यांनी व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. या भटकंतीत हिवताप आणि आव यांनी त्यांची पाठ सोडली नाही. त्यात मूळव्याधीची भर पडली.

गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. बद्धकोष्ठता, शौचाला कुंथणे, गर्भारपण, फार वेळ शौचालयात बसणे यांमुळे त्या फुगतात आणि खाली सरकतात. हीच मूळव्याध. आतल्या कोंबांतून बहुधा न दुखता लालभडक रक्त जाते. दुखत नाही, म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो.

१८६४ मध्ये स्वतःची छोटी आगबोट हाकत लिव्हिंग्स्टन मुंबईला आले आणि तिथून मायदेशी गेले. तेथे त्यांना मूळव्याधीची शस्त्रक्रिया करून घेण्याचा सल्ला मिळाला. त्यांनी नकार दिला. आपल्या दुखण्याची लोकांत चर्चा व्हावी, हे त्यांना नको होते. शस्त्रक्रियेत धोकाही होताच. क्लोरोफॉर्म वापरात आले होते, पण जखम जंतुमुक्त ठेवण्याची लिस्टर यांची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ते पुन्हा मुंबईत आले. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये शिकत होती. त्यांतले काहीजण सोबत घेऊन जानेवारी १८६६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. पुढच्याच वर्षी एक हमाल औषधांची पेटी घेऊन पळाला. डॉक्टरच औषधाविना उरला.

१८७३ च्या एप्रिलमध्ये रक्तस्राव इतका वाढला, की त्यांना चालवेना. सोबत्यांनी डोलीतून वाहून नेले. १ मे रोजी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावात, ते बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सुसी, चुमा आणि इतर सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच पुरले आणि देह वाळवून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता.

मृत्यूचे खापर एकट्या मूळव्याधीवर फोडता येणार नाही. हिवताप, आव आणि आतड्यांतील रक्तस्राव यांनी मिळून ते शरीर पोखरले. पण वर्षानुवर्षे रक्त गमावणाऱ्या माणसाची झुंजण्याची ताकद आधीच कमी झालेली असते.

आज लाजेपोटी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. पालेभाज्या, डाळी, फळे, कोंड्यासकट भाकरी-पोळी आणि पुरेसे पाणी एवढ्यानेही अनेकांचा त्रास कमी होतो. गरज पडल्यास इसबगोल आणि कोमट पाण्यात बसून शेक घेता येतो. शौचाची भावना दाबू नये आणि मोबाइल घेऊन शौचालयात बसू नये. त्यावर न भागल्यास कोंबाला रबरबँड लावणे हा सोपा उपाय आहे. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

मात्र रक्त दिसले म्हणजे मूळव्याधच, असे स्वतः ठरवू नका. आतड्याचा कर्करोगही असाच रक्ताने सुरू होऊ शकतो. काळसर शौच, घटते वजन, बदललेली शौचाची सवय किंवा थकवा असेल, तर तपासणी लांबवू नका. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांचा संकोच होईल, इतकेच.