नवसाची मशीद : समाजी हसाजी दिवेकर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा म्हटला, की तंजावरकरांच्या लेखणीतून सरफोजी महाराजांचे नाव आपोआप उतरते. ते योग्यच आहे. परंतु सरफोजी महाराजांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. या खेपेस आम्ही जरा वाट वाकडी करून अशा एका मराठी पुरुषाचे स्मरण करीत आहोत, की ज्याने तंजावर कदाचित पाहिलेही नसेल. पण ज्या युद्धाने आपल्या या कावेरीकाठची वाताहत केली, त्याच युद्धाने त्याच्या आयुष्याला वळण दिले. मायभूमीपासून दूर दक्षिणेतच त्याचा देह पडला. त्याचे नाव समाजी हसाजी दिवेकर. त्याच्या धर्मग्रंथातील भाषेत सांगावयाचे तर शमुएल यहेज्केल.

हैदरअलीच्या स्वारीची आठवण तंजावर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १७८१ साली त्याच्या फौजा या मुलखात उतरल्या. तुळजाजी महाराजांचे राज्य तेव्हा नावापुरते उरले होते. पाटबंधारे फुटले, शेते ओसाड पडली, गुरेढोरे हाकून नेली, आणि मागोमाग दुष्काळ आला. जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ यांनी साठवून ठेवलेल्या तांदळावर त्या दिवसांत कित्येकांचे प्राण वाचले. पुढच्याच वर्षी, १७८२ च्या फेब्रुवारीत, कोळ्ळिडम नदीच्या परिसरात अन्नगुडी येथे टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या फौजेस वेढून पराभूत केले व शेकडो कैदी श्रीरंगपट्टणास नेले. इकडे पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या फौजेचीही तीच गत झाली. १७८३ साली बेदनूर पडले आणि मुंबईचे शिपाई म्हैसूरच्या बंदिखान्यांत जाऊन पडले. या युद्धात टिपूच्या हाती सापडलेल्या मुंबईकरांपैकी आपले समाजी एक.

त्यांचे घराणे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील दिवेआगरचे. आडनाव गावावरून पडले, जसे केहिमकर, झिराडकर, अष्टमकर. बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. त्यांचे ग्रंथ बुडाले. उरले ते शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शमा ही एकच प्रार्थना. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. नावेही कोकणी वळणाची झाली. शमुएलचा समाजी, इस्हाकाचा इसाजी, अब्राहामचा अबाजी. १७६८ साली कोचीनचे धनाढ्य यहुदी व्यापारी यहेज्केल राहाबी यांनी हॉलंडला धाडलेल्या पत्रात या कोकणी धर्मबांधवांचा उल्लेख केला. तोपर्यंत बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता जवळजवळ नव्हताच.

समाजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल तरुण घाणा सोडून मुंबईस जाऊ लागले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती होऊ लागले. समाजींनी तीच वाट धरली व नेटिव्ह कमांडंट या हुद्द्यापर्यंत मजल मारली. पलटणीतील हिंदी माणसाला त्या काळी याहून वर चढण्यास फारसा वाव नव्हता.

कैदेविषयी जे सांगितले जाते ते समाजाच्या आठवणीतले आहे, दप्तरातले नव्हे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. टिपूने कैद्यांस त्यांची जात विचारली. समाजींनी व त्यांच्या सोबत्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. हा शब्द टिपूच्या मातोश्रींच्या कानी गेला. कुराणात बनी इस्रायलांचा उल्लेख वारंवार येतो, पण त्या वंशाचे कोणी हाडामांसाचे माणूस तिने पाहिले नव्हते. पवित्र ग्रंथात ज्यांचे नाव आहे त्यांना मारू नये, असे तिने मुलास सांगितले, आणि त्यांचे प्राण वाचले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र तीत मोलाची आहे. ज्या नावाचा पूर्ण अर्थ त्या कोकणी शिपायांनाही पुरता ठाऊक नव्हता, त्या नावानेच त्यांना तारले असे त्यांना वाटले. त्या बंदिवासात समाजींनी नवस केला : सुटलो तर मुंबईस आपल्या समाजासाठी प्रार्थनामंदिर बांधीन.

नवस हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. बेने इस्रायल मनुष्य संकटात एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे स्मरण करतो आणि संकट टळले की मलिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे व फळे यांचे ते ताट मांडून प्रार्थना होते आणि मग ते सर्वांत वाटले जाते. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा आहे. कोकणी कुळवाड्याने ग्रामदेवतेस बोलावे तसेच समाजी बोलले. फक्त त्यांचे बोलणे ताटाभर पोह्यांवर थांबणारे नव्हते.

कारण मंदिर त्यांच्या समाजाला नव्हतेच. जे काही धर्माचरण होते ते ओटीवर, माजघरात आणि परसात. त्यातही उन्हाळ्याच्या व त्यापुढील महिन्यांतील सण पाहिले, की घर हेच देऊळ कसे झाले होते ते कळते. चैत्री पौर्णिमेच्या आसपास अनाशी ढाकाचा सण येई. मिसर देशातील दास्यातून पूर्वज सुटले त्याची ही आठवण, इब्रीत पेसाह. परंतु कोकणात ग्रंथ नव्हता, आणि सुटकेची कथा वाचून दाखविणाराही कोणी नव्हता. अनास म्हणजे घरातील आंबट कालवणाचे भांडे. ते झाकून आठ दिवस दूर ठेवावयाचे, घर स्वच्छ करावयाचे, एवढे स्त्रियांनी जपले. कथा पुसट झाली आणि झाकलेले भांडे तेवढे शिल्लक राहिले.

दुसरा बिरड्याचा सण. तो यहुदी पंचांगातील आब महिन्याच्या नवमीस येतो. यरुशलेमचे मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ साली एकदा व इसवी सन ७० मध्ये पुन्हा उद्ध्वस्त झाले, त्याचा हा शोकदिन. यरुशलेमात तो ऐन उन्हाळ्यात, तापलेल्या दगडांवर अनवाणी बसून पाळावयाचा. कोकणात तो आषाढ-श्रावणात, शुद्ध नवमीच्या आगेमागे, धो धो पावसात येतो. आपल्या तंजावरातही आपण मराठी सणवार तमिळ आडी महिन्याच्या हवेत करतो, तेव्हा ऋतू आणि तिथी यांची ही चुकामूक आपणांस नवी नाही. दिवसभर उपास, आधी काही दिवस मांसमासळी वर्ज्य, आणि उपास सोडावयाचा तो मोड आलेल्या वालाच्या बिरड्याने, जमिनीवर बसून, केळीच्या पानावर. वाल भिजत घालणे, फडक्यात बांधून मोड आणणे, एकेक दाणा सोलणे ही दोन-तीन दिवसांची कामगिरी. ज्या मंदिरासाठी शोक करावयाचा ते त्यांच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. तसे दुसरे एखादे लहानसे प्रार्थनास्थळही त्यांच्या गावी नव्हते.

कैदेतून सुटका १७८४ च्या मंगळूर तहानंतर झाली की आधी, याविषयी सांगणाऱ्यांत मेळ नाही. नवस फेडण्यास मात्र एक तप लागले. म्हातारपणाकडे झुकलेला, पलटणीच्या पगारावर जगणारा माणूस मुंबईसारख्या महाग शहरात मंदिर उभारतो, त्याला इतका काळ लागणारच. १७९६ साली मांडवी भागात ते उभे राहिले. नाव ठेवले शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. मराठी बोलीत समाज त्याला मशीद म्हणे. देवाच्या एकत्वाची प्रार्थना जेथे होते आणि जेथे मूर्ती नसते, त्या घराला शेजारपाजारच्या भाषेत दुसरा शब्द तरी कोणता होता? मध्य रेल्वेवरील मशीद या स्थानकाचे नाव या वास्तूवरून पडले असे पुष्कळजण सांगतात, आणि तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव समाजींचे आहे असे मानले जाते. पुढे १८६० मध्ये मंदिर जवळच नव्या जागी बांधण्यात आले.

मंदिर झाल्याने काय बदलले? प्रथम म्हणजे माणसे मोजली जाऊ लागली. यहुदी धर्मात सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. गावोगावी दोन-चार घरे असलेल्या समाजाला हे एरवी जमणे कठीण. मुंबईत ते जमले. दुसरे म्हणजे अधिकार ठरले. मुकादम, जमाखर्च सांभाळणारा गबाई, प्रार्थना चालविणारा हजान, देखरेख करणारा शमाश. तंटेबखेडेही तेथेच मिटू लागले, आणि अर्थातच नवे तंटेही तेथेच निर्माण होऊ लागले. कोणत्या मंडळाचा अनुभव याहून निराळा आहे? बिरड्याच्या सणाचे तर रूपच पालटले. आता दिवे मंद करून, खाली बसून, विलापगीतांचे वाचन ऐकावयाचे आणि मग घरी जाऊन बिरडे खावयाचे. ओटीवरची रीत गेली नाही. तिला फक्त अर्थ सांगणारी वास्तू मिळाली.

एक उणीव राहिली होती. यहुदी प्रार्थनामंदिराचा प्राण म्हणजे सेफर तोरा, चर्मपत्रावर हाताने लिहिलेली मोशेच्या पाच पुस्तकांची गुंडाळी. ती मुंबईत लिहिणारा कोणी नव्हता. कोचीनला मात्र यहुद्यांची जुनी वसाहत होती. तेथील परदेशी सिनेगॉग १५६८ पासूनचे. कोचीन १७९५ मध्ये डचांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. मंदिर उभे राहिल्यावर वर्षभरातच, सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले समाजी तोरा आणण्यासाठी कोचीनला निघाले. तेथेच १७९७ मध्ये त्यांना मृत्यू आला, आणि कोचीनच्या मातीतच त्यांना विसावा मिळाला. दुसऱ्या कोणास पाठवून स्वस्थ बसता आले असते. ते बसले नाहीत. आम्हांस त्यांच्या आयुष्यातील हा शेवटचा प्रवास तुरुंगातील त्या कथेहून मोठा वाटतो. कैदेत केलेला नवस प्राणभयाने केलेला असू शकतो. सुटल्यावर, सर्व सुरळीत असताना, तो पुरता फेडण्यासाठी पुन्हा दक्षिणेची वाट धरणे याला भय कारण नव्हते.

त्यांनी उघडलेल्या दाराने पुढे बरेच आत आले. १८२६ मध्ये कोचीनहून शिक्षक आले. रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मंदिरे झाली. १८३२ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून इब्री व्याकरण लिहिले. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात पेसाहची हगादा मराठी भाषांतरासह छापून निघाली. झाकलेल्या भांड्यामागची कथा घरोघरी मराठीत वाचली जाऊ लागली. १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायलांनी कीर्तनच उचलले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने पदे-ओव्यांसह मांडली जाऊ लागली. मराठी कीर्तनाने तंजावरात येऊन कृष्ण भागवतर यांच्यासारख्यांच्या मुखातून तमिळ हरिकथेला रूप दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच कीर्तनाने कोकणात यहुदी धर्मकथेलाही आसरा दिला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

समाजींचे मंदिर उभे राहिल्यावर सात वर्षांनी, १८०३ मध्ये, सरफोजी महाराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. एक राजा होता, पण त्याचे राज्य गेले होते. दुसरा शिपाई होता, त्याला राज्य कधी नव्हतेच. दोघांनी आपापल्या परीने दगडाचा आधार घेतला.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग या भागांत थोडी कुटुंबे राहिली. मांडवीचे मंदिरही राहिले. गेलेल्यांनी दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावी वस्ती केली, आणि तेथून मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही काढले. आब महिन्याची नवमी आता त्यांना पावसात गाठत नाही. ती पुन्हा कडक उन्हाळ्यात येते, आणि तेथील माजघरांत आधीच्या दिवशी वाल भिजत पडलेले असतात.