हेलिकॉप्टरचे शिल्पकार : इगोर सिकॉर्स्की

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराला एक गोष्ट ठाऊक असते. नव्या यंत्राचा पहिला भाग क्वचितच नेमका उतरतो. माप चुकते, धातू वाया जातो आणि पुन्हा आरंभापासून काम करावे लागते. जो आपल्या चुकीपासून शिकतो, तोच पुढे निष्णात होतो. अशाच एका तरुणाने आपल्या घरच्या बागेत एक यंत्र बांधावयास घेतले. ते सिद्धीस नेण्यासाठी त्याला तीस वर्षे लागली. त्याचे नाव इगोर सिकॉर्स्की.

इगोरचा जन्म 25 मे 1889 रोजी कीव्ह येथे झाला. हे शहर त्या काळी रशियन साम्राज्यात होते; आज ते युक्रेनची राजधानी आहे. त्याचे वडील प्राध्यापक होते. आईही सुविद्य होती. सरळ वर चढणाऱ्या यंत्राचे चित्र लिओनार्दो दा विंची या थोर कलावंताने काही शतकांपूर्वीच काढून ठेवले होते, ही हकीकत ती मुलाला सांगे. इगोरच्या मनाने तोच ध्यास घेतला. बाराव्या वर्षी त्याने रबराच्या पिळावर चालणारे चिमुकले हेलिकॉप्टर तयार केले आणि ते खरोखरच हवेत उडाले.

पुढे राइट बंधूंच्या विमानाची वार्ता त्याने वृत्तपत्रात वाचली आणि आपले आयुष्य या विद्येला वाहण्याचा निश्चय केला. 1909 साली तो पॅरिसला गेला. तेथील जाणत्या वैमानिकाने त्याला हेलिकॉप्टरचा नाद सोडण्याचा सल्ला दिला. परंतु त्याची बहीण ओल्गा हिचा त्याच्यावर विश्वास होता. तिने दिलेल्या पैशातून त्याने 25 अश्वशक्तीचे एक एंजिन विकत घेतले व तो घरी परतला.

त्याने एकावर एक असे दोन पंखे बसविले. एंजिन सुरू होताच सारे यंत्र थरथरू लागले, पण जमिनीवरून तसूभरही हलले नाही. 1910 साली त्याने दुसरे यंत्र बांधले. ते स्वतःचे वजन कसेबसे उचलू शके. माणसाला घेऊन चढण्याचे बळ त्याच्यात नव्हते. बहिणीचा पैसा खर्ची पडला होता आणि हाती यश आले नव्हते. तथापि हलके व शक्तिमान एंजिन निघाल्यावाचून हे काम होणार नाही, हे त्या तरुणाने ओळखले. त्याने ते काम बाजूला ठेवले. मनातून मात्र कधीच काढून टाकले नाही.

मग सिकॉर्स्की विमाने बांधू लागले. एकदा उड्डाण चालू असता त्यांच्या विमानाचे एंजिन एकाएकी बंद पडले व त्यांना मोठ्या संकटातून खाली उतरावे लागले. शोध घेता इंधनाच्या मार्गात एक डास अडकल्याचे आढळले. एका डासाने माणसाचे प्राण धोक्यात यावेत, हे त्यांना पटेना. एक एंजिन थांबले तरी उरलेल्यांनी विमान तरावे, या विचाराने त्यांनी 1913 मध्ये चार एंजिनांचे प्रचंड विमान आकाशात नेले.

त्यानंतर रशियात क्रांती झाली. सिकॉर्स्कींना मायदेश सोडावा लागला. 1919 साली ते अमेरिकेत पोहोचले, तेव्हा तेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. आपल्यासारख्याच निर्वासितांना गणित शिकवून ते निर्वाह करीत. 1923 मध्ये काही देशबांधवांच्या साहाय्याने त्यांनी एका स्नेह्याच्या कोंबड्यांच्या वाडीवर पुन्हा विमान बांधण्यास प्रारंभ केला. यथावकाश त्यांची विमाने जगप्रसिद्ध झाली.

आता त्यांना आपले जुने स्वप्न खुणावू लागले. मधल्या काळात इतर देशांतही हेलिकॉप्टरे उडाली होती. परंतु सुटसुटीत व सर्वोपयोगी यंत्र अद्याप घडावयाचे होते. मोठा पंखा एका दिशेने फिरला, की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू लागते. सिकॉर्स्कींनी शेपटाशी एक छोटा उभा पंखा बसवून ही ओढ रोखली. 14 सप्टेंबर 1939 रोजी ते स्वतः त्या यंत्रात बसले. यंत्र दोरांनी जखडलेले होते. ते जमिनीपासून थोडेसेच उचलले गेले व काही क्षणांतच पुन्हा टेकले. तेवढ्यासाठी तीस वर्षे गेली होती! 13 मे 1940 रोजी दोरांवाचूनही त्याने उड्डाण केले. एक मोठा पंखा व शेपटाशी एक छोटा, ही रचना आजच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत दिसते.

नोव्हेंबर 1945 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तराफा खडकावर अडकला. त्यावर दोन माणसे होती. खवळलेल्या समुद्रात नाव नेणे अशक्य होते. तेव्हा सिकॉर्स्कींच्या कारखान्यातील हेलिकॉप्टर तेथे गेले व त्या दोघांना एकेक करून दोराने उचलून किनाऱ्यावर आणले गेले. ते यंत्र चालविणारा वैमानिक सिकॉर्स्कींचाच भाचा होता. आपले यंत्र मनुष्याचे प्राण वाचविते, याचे सिकॉर्स्कींना सर्वांत मोठे समाधान वाटे. 1954 साली भारतीय वायुसेनेत दाखल झालेली पहिली हेलिकॉप्टरे त्यांच्याच कारखान्यातील होती.

26 ऑक्टोबर 1972 रोजी सिकॉर्स्कींचे देहावसान झाले. महापुरात छपरावर अडकलेल्या माणसाला जेव्हा आकाशातून दोर मिळतो, तेव्हा त्या दोराचे एक टोक कीव्हमधल्या त्या बागेत असते, जेथे एका तरुणाचे यंत्र जमिनीवरून हललेही नव्हते.