दुर्बिणीसाठी आकाश शोधणारा माणूस : वेणू बाप्पू

मे महिन्यात भर दुपारी बिलोलीच्या डांबरी रस्त्यावर लांबवर बघा. समोरून येणारी एसटी पाण्यातून पोहत आल्यासारखी दिसते. गाडी धडधाकट असते, मधली तापलेली हवा हलत असते. रात्री तारे लुकलुकतात तेही याचमुळे. तारा शांतपणे जळत असतो, त्याचा उजेड मात्र आपल्या डोक्यावरच्या कित्येक किलोमीटर हलत्या हवेतून खाली येतो. त्यामुळे फोन कितीही मेगापिक्सेलचा घ्या, नाइट मोड लावा, स्टँडवर ठेवा, ही थरथर काही जात नाही. फोनमधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप घालवतं, हवेचा नाही.

म्हणून मोठी दुर्बीण कुठे ठेवायची हा प्रश्न ती केवढी करायची या प्रश्नाइतकाच मोठा असतो. आज त्यासाठी शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाच्या बर्फावर जाऊन हवा मोजतात. आपल्या देशात हा प्रश्न ज्याने आयुष्यभर लावून धरला तो माणूस म्हणजे मनाली कल्लट वेणू बाप्पू. (बाप्पू हे आडनाव आहे, आपल्याकडच्या बापूशी त्याचा संबंध नाही.) घराणं मूळ केरळचं, जन्म १० ऑगस्ट १९२७ चा, मद्रासचा. वाढले मात्र हैदराबादेत, आणि म्हणूनच मला ते थोडे आपले वाटतात. तेव्हा नांदेड जिल्हा, त्यात आपला बिलोली तालुकाही, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. नवाब जफर जंग यांनी हौसेने उभी केलेली ही वेधशाळा पुढे सरकारने ताब्यात घेतली. जगातल्या अनेक वेधशाळांनी मिळून सगळ्या आकाशाचा फोटो-नकाशा करायला घेतला होता, त्यातला एक पट्टा या वेधशाळेच्या वाट्याला आला होता. पोरगा असा दुर्बिणींच्या सावलीतच मोठा झाला. निजाम कॉलेजात शिकत असतानाच त्यांचे बदलत्या तेजाच्या ताऱ्यांवरचे लेख छापून आले होते.

पण त्या वेधशाळेची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येते. शहर वाढत गेलं, दिवे वाढले आणि वेधशाळेच्या डोक्यावरचं आकाश हळूहळू फिकं पडत गेलं. शेवटी नवी मोठी दुर्बीण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर रंगापूरला न्यावी लागली. दुर्बीण बिघडली नव्हती. जागा बिघडली होती.

१९४९ मध्ये बाप्पू अमेरिकेत हार्वर्डला गेले, तेही हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर. त्या पैशात बिलोलीच्या शेतसाऱ्याचेही दोन आणे असतील असं मला उगीच वाटतं. तिथे जाऊन काही महिने होतात न होतात तोच, त्याच वर्षीच्या जुलैत, फोटोच्या एका काचेवर त्यांना धूमकेतू सापडला. बार्ट बोक आणि गॉर्डन न्यूकर्क या दोघांसोबत त्यांचंही नाव त्या धूमकेतूला मिळालं. १९५२ मध्ये पीएचडी झाली आणि तिथून ते कॅलिफोर्नियात पालोमारला गेले. तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण तिथे होती, पाच मीटर आरशाची. तिथे ऑलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी ताऱ्यांच्या उजेडातल्या कॅल्शियमच्या एका रेषेचा अभ्यास केला. त्या रेषेच्या मधोमध एक उजळ भाग असतो. तो जितका रुंद, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. ताऱ्याचं खरं तेज कळलं की तो किती लांब आहे तेही काढता येतं. १९५७ मध्ये हे छापून आलं आणि आजही ते विल्सन-बाप्पू परिणाम याच नावाने शिकवतात.

तिकडेच राहिले असते तर करिअर सरळ होतं. ते परत आले. इथे तेव्हा ताऱ्यांवर असं काम करता येईल अशी मोठी दुर्बीणच नव्हती. उत्तर प्रदेश सरकारने १९५४ मध्ये वाराणसीला वेधशाळा सुरू केली होती, तिची सूत्रं बाप्पूंकडे आली. गंगेच्या मैदानातली धूळ आणि धुरकं डोक्यावर घेऊन तारे बघणं म्हणजे काच न पुसता खिडकीबाहेर बघणं. १९५५ मध्ये वेधशाळा नैनितालला हलली. तिच्यासाठी बाप्पूंनी साधारण १९५० मीटर उंचीचं मनोरा शिखर निवडलं, आणि ती वेधशाळा आजही तिथेच आहे.

१९६० मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. वय बत्तीस-तेहतीस. कोडाईकनाल सूर्यासाठी नावाजलेलं, पण रात्रीच्या ताऱ्यांसाठी ती जागा पुरेशी नव्हती. मग दक्षिण भारतात नव्या जागेचा शोध सुरू झाला.

जागा शोधायची म्हणजे नेमकं काय करायचं? सोपं वाटतं तेवढं नाही. आधी वर्षभर, जमलं तर अनेक वर्षं, किती रात्री पूर्ण निरभ्र असतात ते मोजायचं. मग हवेतला ओलावा, वारा, धूळ, जवळची गावं, त्यांचे दिवे. आणि सगळ्यात महत्त्वाची ती सुरुवातीची थरथर. खगोलवाले तिला सीइंग म्हणतात आणि आर्कसेकंदात मोजतात. एक आर्कसेकंद म्हणजे दहा रुपयांचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढं. थरथरीमुळे ताऱ्याचा ठिपका एवढाच फुगला तर जागा चांगली. तीन-चार नाण्यांएवढा फुगला तर आरसा कितीही मोठा बसवा, फोटो गुळमुळीतच येणार.

त्या काळी हे मोजायची एक पद्धत फार गमतीची होती. दुर्बीण ध्रुवताऱ्याकडे पक्की रोखायची आणि फोटोची काच बराच वेळ उघडी ठेवायची. ध्रुवतारा जवळजवळ जागेवरच असतो, म्हणून काचेवर त्याची बारीकशी रेघ उमटते. ती रेघ जितकी वाकडीतिकडी, तितकी हवा खराब. आता एकाच दुर्बिणीच्या तोंडावर दोन भोकांचं झाकण लावतात. एका ताऱ्याची दोन चित्रं मिळतात आणि ती एकमेकांच्या मानाने किती नाचतात ते संगणक मोजतो. दुर्बीण वाऱ्याने हलली तर दोन्ही चित्रं एकत्रच हलतात, त्यामुळे तो दोष आपोआप वजा होतो.

बाप्पूंची निवड शेवटी तमिळनाडूतल्या जवादी डोंगरातल्या कावलूरवर आली. चंदनाची झाडं असलेलं जंगल, उंची फक्त ७२५ मीटर. नैनिताल सोडून आलेल्या माणसाने एवढी बुटकी जागा का घ्यावी? उत्तर अक्षांशात आहे. कावलूर साडेबारा अंश उत्तरेला आहे, म्हणून तिथून दक्षिणेचं आकाश खूप खालपर्यंत दिसतं. मोठा मॅजेलनी मेघ ही आपल्या शेजारची छोटी आकाशगंगा. नैनितालहून ती दिसतच नाही, बिलोलीत जेमतेम क्षितिजाला टेकते, कावलूरहून आठ अंश वर येते. शिवाय दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या रेखांशात दक्षिणेचं आकाश बघणाऱ्या दुर्बिणी जवळपास नव्हत्याच. एखादी घटना ठरावीक तासाला होणार असेल आणि तेव्हा त्या दोन्हीकडे दिवस असेल, तर ती हुकायची.

ही निवड बिनतोट्याची नव्हती. कावलूरला नैऋत्य मोसमी ढग येतात आणि ऑक्टोबरपासून ईशान्येचेही येतात. ओल्या हवेमुळे इन्फ्रारेड काम तिथे कठीणच. पण देशाकडे पैसे थोडे, रस्ता-वीज पोचेल अशी जागा हवी आणि एकदा पाया ओतला की पन्नास वर्षं हलता येत नाही, हे सगळं एकत्र धरलं तर मला ती निवड बरोबर वाटते. १९६८ मध्ये तिथे ३८ सेंटीमीटरची घरीच बनवलेली दुर्बीण चालू झाली, १९७२ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीची एक मीटरची आली.

मग १० मार्च १९७७ ची रात्र आली. युरेनस एका ताऱ्याच्या अगदी जवळून जाणार होता. कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी बसले होते. ठरल्या वेळेच्या आधीच ताऱ्याचा उजेड काही सेकंद पडला. हिंदी महासागरावर उडणाऱ्या अमेरिकन विमानातल्या दुर्बिणीलाही अशा घसरणी दिसल्या. युरेनसला कडी आहेत हे जगाला असं कळलं. रेखांशातल्या त्या मोकळ्या फटीत दुर्बीण ठेवायचा हिशेब वसूल झाला.

आता अंटार्क्टिकाकडे. नेमक्या दक्षिण ध्रुवावर सहा महिने रात्र आणि हवा भयंकर कोरडी, म्हणजे दुर्बिणीची चैनच असं वाटेल. पण तिथे उतारावरून सरकणाऱ्या थंड वाऱ्यामुळे जमिनीलगतची दोन-तीनशे मीटर हवा सतत ढवळलेली असते. उंच बर्फाच्या माथ्यांवर, म्हणजे डोम सी आणि डोम ए इथे, हा थर फार पातळ. २००४ मध्ये डोम सीवर स्वयंचलित यंत्रांनी मोजलं, तर सुमारे तीस मीटरच्या वर सीइंग ०.२७ आर्कसेकंद निघालं. म्हणजे आपलं नाणं वीस किलोमीटरवर नेलं. हवेतली सगळी वाफ गोठवून जमिनीवर पसरली तर तिथे ती मिलिमीटरहूनही कमी भरते, त्यामुळे इन्फ्रारेडसाठी ती जागा सोन्यासारखी. तोटे वेगळे आहेत: ध्रुवीय प्रकाश, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा संधिप्रकाश, आणि बिघडलेला एखादा बोल्ट बदलायला हिवाळाभर कुणी पोचू न शकणं. नेमक्या ध्रुवावरून तर आकाश कायम अर्धंच दिसतं. तारे उगवत नाहीत, मावळत नाहीत. बाप्पूंनी कावलूर निवडताना घातलेला हिशेब याच्या अगदी उलटा होता. त्यांना दोन्ही अर्धी हवी होती.

त्यांच्याच संस्थेने ध्रुवाकडचा फायदाही उचलला, पण सूर्यासाठी. कोडाईकनालची वेधशाळा १९७१ मध्ये स्वायत्त भारतीय खगोलभौतिकी संस्था झाली होती आणि बाप्पू तिचे पहिले संचालक होते. १९८९-९० च्या उन्हाळ्यात या संस्थेच्या जगदेव सिंग यांनी अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरून सूर्याचे फोटो घेतले, त्याच कॅल्शियमच्या रेषेत. तिथे तेव्हा सूर्य मावळतच नाही, त्यामुळे निरीक्षणाला रात्र आडवी येत नाही.

बाप्पूंना हे बघायला मिळालं नाही. १९७९ मध्ये ते जागतिक खगोल संघाचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसमधल्या पात्रास इथे संघाची महासभा भरलेली असताना, १९ तारखेला, म्युनिकमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. वय ५५. कावलूरसाठी देशातच घडवायला घेतलेली २.३४ मीटरची दुर्बीण तेव्हा अर्धवट होती. ती पूर्ण झाल्यावर ६ जानेवारी १९८६ ला राजीव गांधींनी तिला आणि त्या जागेला बाप्पूंचं नाव दिलं.

त्या दशकात संस्थेने लडाखचं आकाश तपासायला घेतलं, कारण भारतात ध्रुवासारखी थंड, कोरडी, उंच जागा असलीच तर ती तिथे. लेहला मोजणीसाठी नेलेली दुर्बीण कुठली, तर १८८८ च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नाइगमवाला यांच्यासाठी आलेली वीस इंची. तीच पुढे हानलेच्या वाटेवरची पहिली पायरी ठरली. ४५०० मीटरवरच्या हानलेला २००० मध्ये दोन मीटरची दुर्बीण सुरू झाली. ती चालवणारा माणूस बेंगळुरूजवळ होसकोटेला बसतो आणि उपग्रहाच्या लिंकवरून तिला हलवतो.