भिंतीपलीकडची घंटा

हॉलमध्ये वायफाय झकास, पण स्वयंपाकघरात गेलं की मुलीचा ऑनलाइन तास अडकलाच! या भिंतींशी फार पूर्वी झुंजले ते जगदीशचंद्र बोस.

जन्म १८५८, मैमनसिंग. १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रजांपेक्षा पगार कमी, म्हणून तीन वर्षं त्यांनी पगारच घेतला नाही. १८८७ मध्ये अबलाबाई लग्न होऊन आल्या त्या या ओढाताणीतच. कलकत्त्यात मुलींना वैद्यकीय प्रवेश नव्हता, म्हणून त्या मद्रासला जाऊन शिकलेल्या. त्यांनी संसार निभावला. शेवटी थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला!

१८९५ मध्ये बोसांनी कलकत्त्यात तार न जोडता भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. पेटंटच्या पैशाचा मोह त्यांनी धरला नाही. १९१७ मध्ये त्यांनी संशोधन संस्था काढली, तर १९१९ मध्ये अबलाबाईंनी नारी शिक्षा समिती. १९३७ मध्ये ते गेले.

आपलं वायफाय त्याच लहरींच्या कुळातलं. लहर आखूड, तशी ती भिंतीत जास्त थकते. म्हणून लांबच्या खोलीत ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडा. एक्स्टेंडर सिग्नल नसलेल्या कोपऱ्यात नको, सिग्नल चांगला असेल अशा मधल्या जागी लावा. केबल नेता येत असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट उत्तम. ऐसपैस, दुमजली घराला मेश.

घंटा भिंतीपलीकडे पोचली, मग लेकीचा तास का नाही पोचणार?