जिम कॉर्बेट : धैर्य आणि सावधपणा यांचे एक चरित्र

आपल्या समाजाच्या या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे देण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु सद्गुण हा काही एका ज्ञातीचा वतनदार नव्हे. ज्याच्यापासून काही शिकावे असा पुरुष परक्या वंशात आणि परमुलखात जन्मला असला, तरी त्याचे चरित्र आपल्या मुलाबाळांसमोर ठेवण्यात कमीपणा नाही, असे आम्हांस वाटते. या विचारानेच यंदा आम्ही विख्यात शिकारी, लेखक आणि वन्यजीवांचे रक्षक जिम कॉर्बेट यांचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत.

हा विषय निवडण्यास दुसरेही एक कारण आहे. आमचे धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातील गाव. अजिंठ्याची डोंगररांग आम्हांस परकी नाही. जिल्ह्यातील ज्ञानगंगेच्या अरण्यात बिबटे आणि अस्वले आहेत. सन २०१९ मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानातून निघालेला एक तरुण वाघ तेराशेहून अधिक किलोमीटरांची वाट तुडवीत त्याच ज्ञानगंगेत येऊन पोचला, हे वृत्त सर्वांच्या स्मरणात असेल. आपल्यापैकी अनेक कुटुंबे शेतीवर जगणारी आहेत. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आपले तरुण रात्री जागलीस जातात, आपल्या माताभगिनी पहाटे एकट्या शेताकडे निघतात. त्यांच्यासाठी हे चरित्र केवळ मनोरंजन नव्हे. संकट समोर उभे राहिले असता चित्त कसे स्थिर ठेवावे, हा त्यांचा रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. जिम सहा वर्षांचे असण्याच्या सुमारास, १८८१ मध्ये, वडिलांचे निधन झाले आणि घराचा भार मातेवर व मोठ्या भावंडांवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी येथे उतरत असे. तेथील रान हीच या बालकाची खरी पाठशाळा ठरली. मोडकी, एक नळी तडकलेली आणि पितळी तारेने बांधलेली एक ठासणीची बंदूक त्यांच्या हाती आली. ती एकच बार देणारी असल्यामुळे प्रत्येक गोळीचा विचार करूनच चाप ओढावा, ही शिस्त त्यांच्या अंगी बालपणीच बाणली. कुंवरसिंग नावाच्या गावकऱ्याने त्यांना रानात कसे चालावे आणि दिशा कशी ओळखावी, हे शिकविले.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कानांचे शिक्षण. कोणता पक्षी कोणत्या प्रसंगी कसा ओरडतो, वानर बिबट्या पाहून कसे खेकसते, सांबर आणि भेकर वाघाची चाहूल लागताच कोणती इशारत देतात, हे सारे त्यांनी ऐकून ऐकून आत्मसात केले. पुढे हे आवाज ते स्वतःच्या कंठातून इतके हुबेहूब काढू लागले की, खुद्द रानातील जनावरेही फसावीत. आपल्याकडील पारधी बांधव तित्तिराची साद घालतात, तिचीच ही जात. मात्र तित्तिरास बोलावणे निराळे आणि वाघास बोलावणे निराळे. तित्तिर आला नाही तर फार तर रिकाम्या हाताने परतावे लागते. वाघास साद घालणारा मनुष्य मात्र, आपण नेमके कोठे बसलो आहोत, हे त्या सादेनेच त्यास कळवितो. वाघ येतो तो थेट त्याच्याकडेच.

शालेय शिक्षण संपताच, विशीही न गाठलेल्या जिम यांनी रेल्वेची नोकरी पत्करली. बिहारातील मोकामेह घाट येथे गंगापार जाणाऱ्या मालाच्या चढउताराचे कंत्राट त्यांनी घेतले आणि वीस वर्षे ते चालविले. तेथील एक हकीकत आम्ही आवर्जून सांगतो. स्टेशनमास्तर रामसरन यांच्या सहकार्याने त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. परंतु भिन्न जातींच्या मुलांनी एका झोपडीत बसावे कसे, ही अडचण उभी राहिली. रामसरन यांनी झोपडीच्या भिंतीच काढून टाकल्या. आता ती झोपडी नव्हती, केवळ छप्पर होते; आणि छपराखाली एकत्र बसण्यास कोणाची हरकत उरली नाही. वीस मुलांची ती शाळा पुढे दोनशे मुलांची झाली. ज्ञातिसंस्थांनी मनन करावे, असा हा धडा आहे.

सन १९०७ मध्ये कुमाऊँतील चंपावत येथील नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त करण्याचे काम कॉर्बेट यांच्याकडे आले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. त्यांनी ते काम स्वीकारताना दोन अटी घातल्या. सरकारने लावलेले बक्षीस रद्द करावे आणि रानात हिंडणाऱ्या इतर सर्व शिकाऱ्यांस परत बोलवावे. पहिल्या अटीत त्यांची निर्लोभ वृत्ती दिसते, तर दुसरीत त्यांचा सावधपणा. ज्या रानात अनेक बंदुका अंधारात फिरत असतात, तेथे वाघापेक्षा माणसाच्याच गोळीचे भय अधिक.

याच मोहिमेतील पहिली रात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाली नावाच्या गावातील लोक भयाने पाच दिवस दारे लावून बसले होते. कॉर्बेट रात्रभर रस्त्याच्या कडेला एका झाडास पाठ लावून एकटेच बसले. पुढे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की, त्या रात्री प्रत्येक सावलीत त्यांना वाघीण दिसत होती आणि भयाने त्यांचे दात वाजत होते. सकाळी गडी आले तेव्हा ते गुडघ्यांवर डोके ठेवून निजले होते. ज्याच्या शौर्याचे गुणगान जगाने केले, त्याच्या पहिल्या मोठ्या मोहिमेची रात्र अशी गेली! भय वाटणे ही लज्जेची गोष्ट नव्हे. भयभीत असतानाही त्यांनी पाठीशी झाड ठेवले होते, हे येथे पाहावयाचे आहे. त्यांचे मन कापत होते, पण बुद्धीने आपले काम सोडले नव्हते.

पुढे अनेक नरभक्षक त्यांच्या हातून मारले गेले. त्यांत १२५ माणसांचा बळी घेणारा रुद्रप्रयागचा बिबट्या विशेष प्रसिद्ध आहे. आठ वर्षे बदरी-केदारच्या यात्रामार्गावर दहशत बसविणारे हे जनावर २ मे १९२६ रोजी पडले. परंतु चित्ताच्या स्थैर्याचा खरा नमुना आम्हांस चौगढच्या वाघिणीच्या हकीकतीत दिसतो. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका कोरड्या ओढ्यातून चालले होते. पक्ष्यांची अंडी जमविण्याचा त्यांना छंद होता. रातव्याची दोन अंडी आढळली, ती त्यांनी डाव्या हातात घेतली होती. एका मोठ्या शिळेस वळसा घालून त्यांनी मागे पाहिले, तो सात-आठ फुटांवर वाघीण झेप घेण्याच्या तयारीत बसलेली! बंदूक उजव्या हातात, तोंड भलतीकडे. त्यांनी उडी मारली नाही, की ओरडले नाहीत. एकाच हाताने, अगदी हळूहळू, जणू काही हालतच नाही अशा रीतीने बंदूक फिरवीत आणली आणि चाप ओढला. डाव्या हातात अंडी नसती तर दोन्ही हातांनी झटका देऊन बंदूक वळविण्याचा मोह झाला असता आणि त्या झटक्यासरशी वाघीण अंगावर आली असती, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यानंतर ते परत गेले आणि ती अंडी जागच्या जागी ठेवून आले. थोड्या वेळाने रातव्याची मादी पुन्हा त्यांवर बसलेली होती. चौसष्ट माणसांच्या मृत्यूस कारण झालेली वाघीण एकीकडे आणि दोन अंड्यांची काळजी दुसरीकडे; या दोहोंना एकाच मनात जागा होती.

आता त्यांच्या अखेरच्या नरभक्षकाची हकीकत सांगतो. कारण साद घालण्याची कला आणि मनाची शांती यांची कसोटी येथेच लागली. शारदा नदीच्या खोऱ्यातील ठाक या गावाभोवती १९३८ मध्ये एका वाघिणीने उच्छाद मांडला. गावकरी घरेदारे सोडून निघून गेले. लाकूडतोडीचे मजूर जीव मुठीत धरून काम करीत होते. कॉर्बेट त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे होते. ३० नोव्हेंबरनंतर आपण हे काम करणार नाही, असे त्यांनी ठरविले होते. आमिषे बांधली, मचाणावर रात्री काढल्या. काही साधले नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सूर्य मावळत असताना, बरोबरची माणसे व बकऱ्या घेऊन परतताना दूरवरून वाघिणीची हाक ऐकू आली. ती जोडीदाराचा शोध घेत होती.

कॉर्बेट यांनी नर वाघाचा आवाज काढून उत्तर दिले. ती वळली, आणि हाकेस हाक देत जवळ येऊ लागली. येथे पळभर थांबून त्यांच्या कृतीचा क्रम पाहावा. प्रकाश थोडाच वेळ टिकणार होता. म्हणून जेथे अखेरचा उजेड राहील अशी जागा त्यांनी आधी गाठली. सोबतच्या माणसांस खडकाआड निश्चल बसविले. स्वतः खडकाच्या अरुंद कडेवर पाय रोवून, बंदूक टेकवून, ज्या वाटेने ती येणार त्या वाटेवर नेम धरला. त्यांची साद मोजकी होती. तिला दिशा कळावी एवढीच. संशय यावा इतकी नव्हे. एकदा ती निघाली म्हटल्यावर माघार उरली नव्हती. अंधारात नरभक्षक वाघिणीस जवळ बोलावून मग माणसांसह वाट चालणे म्हणजे मरण होते. तिचा आवाज इतका निकट आला की अंग थरथरावे. तरीही ती पुरती दृष्टीस पडेपर्यंत त्यांनी चाप ओढला नाही. दोन गोळ्या सुटल्या, आणि बंदुकीच्या धक्क्याने कॉर्बेट मागे खाली, आपल्याच माणसांच्या व बकऱ्यांच्या अंगावर कोसळले. वाघीण ठार झाली होती.

हा प्रसंग वाचून कोणास ते केवळ धाडस वाटेल. आम्हांस तो सावधपणाचा परिपाक वाटतो. जागा, उजेड, सोबत्यांची सुरक्षितता आणि नेम या चार गोष्टींची सिद्धता आधी झाली होती. म्हणूनच मन शांत राहू शकले. मनाची शांती म्हणजे आयत्या वेळी आकाशातून पडणारा प्रसाद नव्हे. पूर्वतयारी ज्याने केली त्यासच ती लाभते.

कॉर्बेट केवळ शिकारी राहिले नाहीत. वय वाढले तशी बंदुकीची जागा चलच्चित्राच्या कॅमेऱ्याने घेतली. ज्या सादेने वाघास मृत्यूकडे बोलाविले, तीच विद्या त्यांचे चित्र टिपण्यास उपयोगी पडली. सन १९३६ मध्ये हिंदुस्थानातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कालाढुंगीजवळील छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी विकत घेऊन वसविले आणि पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांस रोखण्यासाठी गावाभोवती दगडी भिंत बांधविली. रोज रात्री जागलीस जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांस त्या भिंतीचे मोल सांगावयास नको. त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांविषयीचे जगप्रसिद्ध पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून प्रथम प्रसिद्ध केले, ही गोष्ट महाराष्ट्रीयांस अभिमानाची आहे. त्याचे उत्पन्न त्यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांच्या संस्थेस दिले.

ते राज्यकर्त्यांच्या वंशातील होते, हे आम्ही विसरत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या नोव्हेंबरात ते भगिनी मॅगी यांच्यासह केनियास निघून गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे निवर्तले. परंतु ज्या डोंगरी माणसांत ते वावरले, त्यांनी त्यांस परके मानले नाही. आणि स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये त्या राष्ट्रीय उद्यानास त्यांचेच नाव देऊन कृतज्ञता व्यक्त केली. तेथूनच १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला.

वाचकहो, सन १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार आता निषिद्ध आहे, आणि वाघास साद घालण्याचा प्रसंग आपल्यावर येणार नाही, येऊही नये. परंतु बांधावर अस्वल उभे राहण्याचा, वाटेत बिबट्या आडवा येण्याचा प्रसंग आपल्या मुलुखात केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी एकट्याने अंधारात जाऊ नये, हाती कंदील किंवा बॅटरी आणि काठी असावी, बोलत-खाकरत चालावे म्हणजे जनावरास आपली चाहूल आधी लागते. समोर आलेच तर पाठ दाखवून धावू नये, ओरडून त्यास डिवचू नये, त्याची वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरावे. पिलांच्या जवळ तर मुळीच जाऊ नये. आणि रात्री घराबाहेर पडताना आपण कोठे जात आहोत, हे घरी सांगून जावे.

आपल्या घराघरांतील तरुणांस असे धैर्य लाभो, त्या धैर्यास सावधपणाची जोड मिळो, आणि ज्ञानगंगेच्या रानातील मुक्या प्राण्यांविषयी त्यांच्या अंतःकरणात करुणा नांदो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.