रियासतकार आणि वंशावळी
बऱ्हाणपूर 1760 मध्ये पेशव्यांकडे आले, त्यानंतर आमचे घराणे येथे स्थायिक झाले. घरच्या वंशावळीत नावे पुष्कळ, साल मात्र एकही नाही. ती उलगडली की मला गोविंद सखाराम सरदेसाई आठवतात. 1865 मध्ये जन्मलेले रियासतकार 1889 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तराचे 45 खंड संपादिले, ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळीही सिद्ध केल्या. त्यांचे दोन्ही पुत्र मात्र त्यांच्या हयातीतच गेले. श्यामकांत तर दूर जर्मनीत. स्वतःची शाखा खुंटली असता या गृहस्थाने परक्या घराण्यांच्या पिढ्या जुळविल्या. 1959 साली ते निवर्तले. पेटीतले कागद वाळवीस देण्यापूर्वी आपण त्यांचे स्मरण करावे.